नकळत मनात शिरतं ते काय? सबलिमिनलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सवयींवर लिहिताना मी "सबलिमिनल परिणाम" हा शब्द जाता जाता वापरला आणि पुढे निघून गेले. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न: सबलिमिनल म्हणजे नेमकं काय हो? कोणी म्हणतं सुप्त मन, कोणी म्हणतं संमोहन, कोणी म्हणतं छुपा मेसेज. मराठीत साधा शब्द नाही का याला?

आहे ना, आणि तो आपण रोज वापरतो. नकळत. पण शब्दाची फोडही छान आहे, लॅटिनमध्ये 'लिमेन' म्हणजे उंबरठा आणि 'सब' म्हणजे खाली, म्हणजे जाणिवेच्या उंबरठ्याखाली राहिलेलं, आत यायच्या बेताला होतं पण आल्याचं आपल्याला कळलं नाही असं काहीतरी.

हा उंबरठा काय प्रकार आहे ते घरी करून बघा. मोबाईलवर एखादं ओळखीचं गाणं लावा, तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि कोणाला तरी आवाज एकेक पायरी कमी करायला सांगा. एक वेळ अशी येते की गाणं खरंच चालू आहे की आपल्याच डोक्यात वाजतंय हे खात्रीने सांगता येत नाही. तिथेच कुठेतरी तुमचा उंबरठा आहे. तो पक्का नसतो बरं का, तुम्ही दमलेले असाल, लक्ष दुसरीकडे असेल, बाहेर गोंगाट असेल तर तो वर जातो आणि शांत खोलीत खाली येतो. म्हणून प्रयोग करणाऱ्यांनी एक सोय करून घेतलीय, जो आवाज साधारण दहापैकी पाच वेळा कळतो त्याला उंबरठा म्हणायचं. या सगळ्या मोजमापाचा पाया फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये घातला.

पण गंमत पुढे आहे. अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो या दोघांनी १८८४ च्या सुमारास स्वतःवरच प्रयोग केले. दोन वजनांमधला फरक इतका बारीक ठेवायचा की कळूच नये, आणि मग "मला काहीच फरक वाटत नाही" असं असतानाही कोणतं जड ते सांगायचंच, अंदाजपंचे का होईना. उत्तरं नुसत्या अंदाजाने यायला हवी होती त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर आली. म्हणजे शरीराला काहीतरी कळलेलं होतं, फक्त "मला कळलं" हे कळलेलं नव्हतं.

आता एक फरक नीट लक्षात घ्या कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. नकळत म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक, वस्तूच दिसली नाही, शब्द इतका झरकन येऊन गेला की वाचलाच नाही. दुसरी, वस्तू अगदी ढळढळीत दिसली, ऐकू आली, पण तिने आपलं मन कुठे वळवलं ते कळलं नाही. पहिलीला काटेकोर अर्थाने सबलिमिनल म्हणतात. लोक घाबरतात पहिलीला, आणि माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या आयुष्यात वजन दुसरीचं जास्त आहे. आपल्याकडची म्हण दुसरीबद्दलच बोलते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पवळ्याला ढवळ्या दिसत होताच की, गुण कधी लागला तेवढं कळलं नाही.

संमोहनाचं म्हणाल तर तिथे माणूस समोरच्याचे शब्द स्वच्छ ऐकत असतो, त्यामुळे ते यात बसत नाही.

प्रश्न: सिनेमा चालू असताना पडद्यावर क्षणभर "पॉपकॉर्न खा" असं दाखवलं आणि विक्री धडाधड वाढली, हा प्रयोग आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये सांगितला. खरा आहे का?

नाही. आणि ट्रेनिंगमध्ये अजूनही हा सांगितला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झालं असं. १९५७ मध्ये जेम्स विकरी नावाच्या अमेरिकन मार्केट रिसर्चवाल्याने न्यूयॉर्कमध्ये पत्रकार बोलावले आणि सांगितलं की न्यू जर्सीतल्या एका थिएटरात त्याने सहा आठवडे सिनेमा चालू असताना दर पाच सेकंदांनी एका सेकंदाचा तीन हजारावा भाग एवढाच वेळ दोन संदेश दाखवले, एक पॉपकॉर्नचा, एक कोका-कोलाचा. प्रेक्षक म्हणे ४५,६९९, कोला १८ टक्क्यांनी वाढला आणि पॉपकॉर्न ५७ टक्क्यांहून जास्त. आकडे इतके नेमके की कोणाला शंका येऊ नये. लोक हादरले. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तर टीव्हीवर असल्या प्रकाराला बंदी आली. पण विकरीने प्रयोगाचा तपशील कधी नीट छापला नाही आणि १९६२ मध्ये जाहिरात व्यवसायाच्याच एका पत्राला मुलाखत देताना त्याने कबूल केलं की हातात माहिती फारच थोडी होती, त्यावरून काही म्हणता येईल अशी नव्हतीच.

मला यापेक्षा कॅनडातला प्रकार जास्त शिकवून जातो. १९५८ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीने अर्ध्या तासाच्या एका कार्यक्रमात "आत्ता फोन करा" हा संदेश ३५२ वेळा लपवून दाखवला. काय संदेश आहे ते प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं, काहीतरी लपवलंय एवढंच सांगितलं होतं. फोन काही वाढले नाहीत. पण नंतर पत्रं आली, त्यात बऱ्याच लोकांनी लिहिलं की कार्यक्रम बघताना आम्हाला भूक लागली, तहान लागली! फोन करावासा वाटला नाही, पण विकरीची बातमी वाचलेली होती ना, त्यामुळे जे वाटायला हवं असं डोक्यात होतं तेच वाटलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ते हेच.

म्हणून लपवलेल्या संदेशाचा काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण लहान. १९८० मध्ये कुन्स्ट-विल्सन आणि झायोन्स यांनी लोकांना वेडेवाकडे अष्टकोन एक मिलिसेकंद दाखवले. नंतर नवे-जुने अष्टकोन जोडीने समोर ठेवून "यातला आधी कोणता बघितला" विचारलं तर कोणाला धड सांगता येईना, पण "कोणता जास्त आवडतो" विचारलं तर आधी दाखवलेल्याकडे बोट जास्त वेळा गेलं. ओळख पटली नाही पण आवड निर्माण झाली. आणि २००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एका पेयाचं नाव स्क्रीनवर असंच क्षणभर चमकवलं, तर ते पेय निवडायचं प्रमाण वाढलं, पण ज्यांना आधीच तहान लागली होती त्यांच्यातच. ज्यांना तहान नव्हती त्यांना हालवता आलं नाही. म्हणजे असलेल्या इच्छेला हलकासा धक्का देता येतो, नसलेली इच्छा पेरता येत नाही, आणि तोही धक्का प्रयोगशाळेत, स्क्रीनकडे टक लावून बसलेल्या माणसाला, लगेच निवड करायला लावली तर.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, त्यानंतर झोप उडाली होती. मैत्रिणीने सबलिमिनल ऑडिओ दिला, वरून पावसाचा आवाज आणि त्याखाली ऐकू न येणारी वाक्यं, "मी सक्षम आहे, मला यश मिळतं" वगैरे. रोज रात्री लावते. खरंच फरक पडला, आत्मविश्वास आला, आता कामही मिळालंय. घरचे म्हणतात थोतांड आहे. मी खुळी आहे का? बंद करू का?

खुळ्या अजिबात नाही आहात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्हाला जो फरक जाणवला तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही, तो कुठून आला एवढंच आपण बघू.

१९९१ मध्ये ग्रीनवॉल्ड या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तुमचाच प्रश्न तपासला. बाजारात मिळणाऱ्या अशा कॅसेट घेतल्या, काही स्मरणशक्ती वाढवणाऱ्या, काही आत्मविश्वास वाढवणाऱ्या. मग निम्म्या कॅसेटची लेबलं अदलाबदल केली. म्हणजे कोणाच्या हातात "स्मरणशक्ती" लिहिलेली कॅसेट पण आत आत्मविश्वासाची वाक्यं, कोणाचं उलट, आणि कोणाचं जसंच्या तसं. लोकांनी महिनाभर रोज ऐकली. आधी आणि नंतर दोन्ही गोष्टींच्या चाचण्या घेतल्या. आतल्या वाक्यांचा परिणाम काही सापडला नाही. पण लोकांना विचारलं तेव्हा ज्यांच्या लेबलवर "स्मरणशक्ती" होतं त्यातल्या पुष्कळांनी सांगितलं की स्मरणशक्ती सुधारली, आणि ज्यांच्या लेबलवर "आत्मविश्वास" होतं त्यांनी सांगितलं आत्मविश्वास वाढला. आत काय होतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. वाचलेल्या लेबलने काम केलं, न ऐकलेल्या वाक्यांनी नाही.

त्यात तुम्ही हे झोपेत लावता. गाढ झोपेत नवीन माहिती शिकता येते का हे सायमन आणि एमन्स यांनी १९५० च्या दशकातच मेंदूच्या लहरी मोजत तपासलं होतं, आणि माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेलं सकाळी त्याला आठवत नाही असंच निघालं. झोपेत मेंदू रिकामा बसतो असं मात्र नाही. २००७ मध्ये जर्मनीत एक सुंदर प्रयोग झाला, लोकांनी संध्याकाळी गुलाबाच्या वासात चित्रांच्या जोड्यांच्या जागा पाठ केल्या, आणि रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला तर सकाळी त्या जागा जास्त चांगल्या आठवल्या. पण बघा, जागेपणी शिकलेलंच पक्कं झालं, झोपेत नवीन काही आत गेलं नाही.

मग तुमचं काय झालं? तुम्ही लिहिलंय की त्या आधी रात्र रात्र मोबाईल बघत पडायचात आणि ऑडिओ लावायला लागल्यापासून अकराला दिवा बंद व्हायला लागला. ठरलेल्या वेळी अंधार, रोज तोच पावसाचा आवाज, हातात मोबाईल नाही, आणि मनात "आता बरं होणार" ही आशा. झोप सुधारली की माणूस दिवसा उभा राहतो. पुढे अर्ज तुम्ही केले, मुलाखतींना तुम्ही गेलात. ते श्रेय ऐकू न येणाऱ्या वाक्यांना देऊ नका हो, ते तुमचं आहे.

बंद करायची गरज नाही, पाऊस ऐकायला आवडतो तर जरूर ऐका, आवाज हळू ठेवा, आणि त्यासाठी पैसे भरत असाल तर ते मात्र थांबवा कारण साधा पावसाचा आवाजही तेच देईल. फक्त एक सांगते. ती वाक्यं ऐकू येत नाहीत म्हणून ती मोठ्याने म्हणायला सुरुवात करू नका. कॅनडात जोअ‍ॅन वुड यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांनी "मी खूप चांगली आहे" छापाची वाक्यं घोकली तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं, कारण मन आतून लगेच म्हणतं, कशावरून? त्याऐवजी जर-तरचं वाक्य करा. "चहा पिऊन झाला की मी लगेच ते एक मेल लिहायला बसेन." पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर खूप वर्षं काम केलंय. असं वेळ आणि कृती जोडून ठरवलं की ती वेळ आली की काम जवळजवळ आपोआप सुरू होतं, वेगळा निग्रह करावा लागत नाही. नकळत मनाचा स्वतःसाठी वापर करायचा तर हा रस्ता मला सर्वात प्रामाणिक वाटतो, कारण पेरताना तुम्ही जाग्या असता.

आणि उदासी पुन्हा आली, झोप आठवडेच्या आठवडे गेली तर ऑडिओवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: प्लँचेट आम्ही मित्रांनी केलं होतं. वाटी सरकली! आम्ही चौघांनीही शपथ घेतली की कोणी ढकलली नाही. कोणीतरी खोटं बोलत होतं का?

कोणीच खोटं बोलत नव्हतं आणि तरी ती तुम्हीच ढकललीत.

१८५३ मध्ये युरोपभर टेबलं फिरवायचं वेड पसरलं होतं, लोक गोल बसून टेबलावर हात ठेवायचे आणि टेबल फिरायला लागायचं. मायकेल फॅरडे, विजेवरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले, त्यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, एकमेकांना मऊ चिकटीने हलकेच चिकटवलेले. टेबल जर आपणहून फिरत असेल तर खालचा थर आधी सरकेल आणि हात मागे राहतील. हात टेबलाला ढकलत असतील तर वरचा थर पुढे गेलेला दिसेल. वरचा पुढे गेला होता. मग त्यांनी एक काडी अशी बसवली की हाताने जरा जरी आडवा दाब दिला की ती हलताना बसलेल्याला दिसावी. काडी समोर दिसायला लागली आणि टेबल फिरायचं थांबलं. मला या प्रयोगाबद्दल फार आदर आहे, त्यांनी कोणाला लबाड ठरवलं नाही, ज्याला स्वतःचा हात कळत नव्हता त्याला तो दाखवला.

तुम्हीही करून बघा. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधा, कोपर टेबलावर टेका आणि दोरा चिमटीत धरून अंगठी एका कागदावर काढलेल्या रेषेच्या वर लोंबू द्या. हात हलवायचा नाही. फक्त डोळ्यांनी रेषेवरून पुढे मागे फिरत राहा आणि अंगठी तशीच झुलतेय अशी कल्पना करा. मिनिटाभरात बहुतेकांची झुलायला लागते. मग गोल कल्पना करा. पहिल्यांदा करताना अंगावर शहारा येतो, कारण बोटं स्थिर आहेत असं तुम्हाला शंभर टक्के वाटत असतं.

याच प्रश्नाला जोडून एका शिक्षिकेने विचारलंय की तोंडी परीक्षा घेताना माझ्या चेहऱ्यावरून मुलांना उत्तर कळत असेल का. बाई, घोड्याला कळत होतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, त्याचे मालक फॉन ऑस्टन निवृत्त गणित शिक्षक, तो बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. लबाडी सापडत नव्हती कारण लबाडी नव्हतीच. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर घोडा चुकतो. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे झुकतो आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर येतं, घोडा तेवढं बघून थांबायचा. हे कळल्यावरसुद्धा फुंग्स्टना स्वतःची ती हालचाल धड थांबवता येत नव्हती. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांमध्ये खरी गोळी कोणती ते रुग्णालाही सांगत नाहीत आणि देणाऱ्यालाही. तेव्हा तोंडी परीक्षेत मुलाने उत्तर दिल्यावर लगेच मान हलवू नका, "कसं काढलंस ते सांग" एवढं विचारा, प्रत्येकाला, बरोबर असो की चूक.

प्रश्न: मी जाहिराती बघते पण त्यांना भुलत नाही. मी जे निवडते ते विचार करूनच. मग माझ्यावर नकळत परिणाम होतो असं कसं म्हणता?

तुम्ही विचार करता हे खरंच असेल. पण विचार आधी आला की निवड आधी झाली, हे आपल्याला आतून ओळखता येत नाही, अडचण तिथे आहे.

निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या लेखात एक प्रसंग आहे. दुकानात टेबलावर बायकांच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलं, यातला सर्वात चांगला निवडा. लोकांनी हात लावून बघितलं, निवड केली आणि कारणंही दिली, याची वीण चांगली, हा जास्त मऊ. चारही जोड हुबेहूब एकच होते. अगदी डावीकडचा जोड १२ टक्के लोकांनी घेतला, त्यापुढचा १७, मग ३१ आणि उजव्या टोकाचा ४०. जागेमुळे निवड झाली असं एकाही माणसाने आपणहून सांगितलं नाही, आणि "जागेचा काही परिणाम झाला असेल का" असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं, काहींनी तर विचारणाऱ्याकडे याचं डोकं फिरलंय अशा नजरेने पाहिलं. जोड दिसत होते, जागा दिसत होती, काहीच लपवलेलं नव्हतं.

आकड्यांचंही तसंच. टव्हर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्ये सांगितलेल्या प्रयोगात लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते आधीच असं बसवलेलं की १० वर नाहीतर ६५ वर थांबावं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांच्या समोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांच्या समोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध! पण जो आकडा आधी कानावर पडला त्याच्या आसपासच मन घुटमळत राहिलं.

आणखी एक, इंग्लंडमधल्या एका दुकानात वाइनच्या कप्प्याशी कधी फ्रेंच तर कधी जर्मन संगीत लावून ठेवलं, १९९७ चा अभ्यास. फ्रेंच संगीत असताना फ्रेंच बाटल्या जर्मनपेक्षा पाचपट गेल्या आणि जर्मन संगीत असताना जर्मन बाटल्या पुढे गेल्या. संगीतामुळे घेतली असं सांगणारे अगदी थोडे.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. नकळत परिणामांवरचे सगळेच गाजलेले प्रयोग टिकले नाहीत. म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचले की माणूस हळू चालायला लागतो, असा १९९६ चा एक फार प्रसिद्ध प्रयोग होता, २०१२ मध्ये बेल्जियममध्ये तो पुन्हा केला, वेळ मोजायला स्वयंचलित यंत्र लावलं, तर परिणाम गायब. मोजणाऱ्या माणसांना काय निकाल यायला हवा ते माहीत असेल तेव्हाच तो दिसला. पुन्हा हान्सच! म्हणून कोणी तुम्हाला "एका शब्दाने ग्राहकाचं मन बदला" असं शिकवत असेल तर पैसे जपून.

तर तुमच्यासाठी एवढंच, मोठी खरेदी असेल तर समोरच्याने आकडा सांगायच्या आधी आपला आकडा कागदावर लिहून ठेवा. मी करते, उपयोग होतो.

प्रश्न: गाणी उलटी वाजवली की त्यात छुपे संदेश ऐकू येतात, ते मनावर परिणाम करतात का?

ऐकू येतात कारण काय ऐकायचं ते कोणीतरी आधी सांगितलेलं असतं. न सांगता ऐकवून बघा, बहुतेकांना नुसती गडबड ऐकू येते. १९९० मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात जूडस प्रीस्ट या बँडवर खटला चालला होता, दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नामागे गाण्यातला छुपा संदेश आहे असा आरोप होता. न्यायाधीशांनी सगळं ऐकून बँडच्या बाजूने निकाल दिला, संदेश मुद्दाम घातला हे सिद्ध झालं नाही. मला त्या घरांचं दुःख समजतं, कारण शोधणारं मन काहीही ऐकू शकतं. पण मुलाच्या वागण्यात बदल दिसला तर गाणं उलटं वाजवत बसण्यापेक्षा त्याच्याशी बोला.

प्रश्न: मी एका अ‍ॅपच्या डिझाइन टीममध्ये आहे. वरिष्ठांनी सांगितलंय की "हो" चं बटण मोठं आणि रंगीत करा, "नको" बारीक आणि करड्या रंगात, आणि सबस्क्रिप्शनच्या चौकटीत आधीच टिक असू द्या. मला हे टोचतंय. हे सबलिमिनल झालं का? बेकायदा आहे का?

काटेकोर अर्थाने सबलिमिनल नाही, कारण "नको" दिसतंय. पण मी वर जो दुसरा प्रकार सांगितला, दिसतं पण काय केलं ते कळत नाही, त्यातलं हे चोख उदाहरण आहे, आणि तुम्हाला टोचतंय ते योग्यच टोचतंय. याला २०१० पासून 'डार्क पॅटर्न' असं नावही आहे, हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने दिलेलं, म्हणजे तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने.

कायद्याचं देशोदेशी वेगळं आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने लपवलेले संदेश लोकहिताच्या विरुद्ध आहेत असं जाहीर केलं. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात आता माणसाच्या जाणिवेपलीकडची तंत्रं वापरून त्याला मोठं नुकसान होईल असा निर्णय घ्यायला लावणाऱ्या एआय यंत्रणांना मनाई आहे, फेब्रुवारी २०२५ पासून ती लागू झाली. आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कुकीजच्या, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींच्या, एका प्रकरणात सांगितलेलं आहे. तुमचं अ‍ॅप जिथे वापरलं जातं तिथला नियम वकिलाला विचारून घ्या, ते काम मी करू शकत नाही.

आधी टिक ठेवणं प्रत्येक वेळी वाईटच असं मी म्हणत नाही. फोनमध्ये बॅकअप आपोआप चालू असतो म्हणून कितीतरी लोकांचे फोटो वाचतात. मी स्वतःला एक प्रश्न विचारते, तुम्हीही विचारा. हे मी असं का ठेवलंय ते वापरणाऱ्याच्या तोंडावर सांगू शकेन का? "बॅकअप चालू ठेवलाय कारण बहुतेक लोक विसरतात" हे सांगता येतं, ऐकणाराही बरं झालं म्हणतो. "नको करड्या रंगात ठेवलंय म्हणजे तुमच्या नजरेतून सुटावं" हे सांगता येत नाही.

आणि वरिष्ठांशी वाद घालायला तत्त्व घेऊन जाऊ नका, पुरावा घेऊन जा. पाच-सहा लोकांना बोलवा, स्क्रीन दाखवा, वापरू द्या, आणि दोन मिनिटांनी स्क्रीन बंद करून विचारा, "तुम्ही आत्ता कशाला हो म्हणालात?" जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मग दोन्ही बटणं सारख्या आकाराची, टिक काढलेली, अशी दुसरी स्क्रीन नव्या लोकांना दाखवून तोच प्रश्न विचारा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून मीटिंगला जा, आणि सबस्क्रिप्शन घेऊन लगेच रद्द करणाऱ्यांचे, पैसे परत मागणाऱ्यांचे आकडे तुमच्या सपोर्ट टीमकडे असतील, तेही बरोबर न्या. काय झालं ते मला नक्की कळवा.